नकार ऐकणें: वयांत येणाऱ्या मुलामुलींच्या वर्गासाठीं एक पाठ

शास्त्रपाठ: शमुवेलाचें दुसरें पुस्तक, अध्याय १३, ओव्या १ ते २२.



एका खेड्यांतील उपदेशक बंधूंनीं आम्हांस असें विचारिलें आहे कीं, "आमच्या मंडळींतील दहा-बारा मुलेंमुली एस.टी.नें तालुक्याच्या गांवीं हायस्कुलांत व ज्युनियर कॉलेजांत जातात. कोणाचें कोणाशीं जमलें आहे, कोण कोणाच्या मागें लागला आहे, हें सगळ्या गांवाला ठाऊक असतें. पण आमच्या रविवारच्या वर्गांत त्याविषयीं एक अक्षर निघत नाहीं. ह्या विषयावर पाठ द्यावा काय? आणि दिल्यास आईबाप रागावणार नाहींत काय?"

पहिल्या प्रश्नाचें उत्तर, द्यावाच, असें आहे. दुसऱ्याचें उत्तर, कांहीं आईबाप रागावतील, असें आहे. पण जे पाठ आम्ही देत नाहीं ते मुलांना कोणीच देत नाहीं असें नव्हे. ते सिनेमा देतो, मोबाईल देतो, पारावर बसलेले मोठे मुलगे देतात. नायिका 'नाहीं' म्हणते, नायक तिची पाठ सोडीत नाहीं, आणि शेवटीं ती हंसते, हा धडा आमच्या मुलांनीं तिसरी-चौथीच्या वयापासून पडद्यावर शेंकडों वेळां गिरविलेला आहे. त्यास उत्तर म्हणून आम्हीं आजवर काय शिकविलें? 'वाईट संगत धरूं नये', एवढेंच.

शब्दांपासूनच आरंभ करूं. मोठीं माणसें ह्या गोष्टीला 'लफडें' म्हणतात. मुलें तिला 'प्रेम' म्हणतात. शहरांत तिला 'डेटिंग' म्हणूं लागले आहेत. मोठ्यांच्या शब्दानें सगळेंच घाण ठरतें, मुलांच्या शब्दानें सगळेंच पवित्र ठरतें. वर्गांतल्या मुलाबरोबर गणिताची वही बदलली तरी तें लफडें, आणि मुलीचें मनगट पिरगळून तिला जागेवर बसविलें तरी तें प्रेम! म्हणून वर्ग चालविणाऱ्यानें हे शब्द कांहीं वेळ बाजूला ठेवावे, आणि काय घडलें तें साध्या भाषेंत सांगावयास मुलांना शिकवावें. तो काय म्हणाला, ती काय म्हणाली, मग त्यानें काय केलें. एवढें नीट सांगतां आलें म्हणजे कोणतें प्रेम व कोणता जाच हें मुलांचें मुलांनाच दिसूं लागतें.

येथें आमची स्वतःची एक चूक सांगणें भाग आहे. कांहीं वर्षांपूर्वीं नववींत शिकणारी एक मुलगी उपासना सुटल्यावर मागें थांबली. एस.टी.च्या थांब्यावर एक मुलगा रोज उभा असतो, नको म्हटलें तरी मागोमाग येतो, आणि 'बोलली नाहींस तर हात कापून घेईन' असें म्हणतो, हें तिनें आम्हांस सांगितलें. आम्हीं म्हटलें, "बाळे, तूं लक्ष देऊं नको." आणि त्याच सायंकाळीं तिच्या बापाच्या घरीं जाऊन सर्व हकीकत त्याच्या कानावर घातली. हेतु चांगला होता. आठ दिवसांत तिचें दप्तर खुंटीला लागलें, आणि दिवाळीनंतर तिचें लग्न झालें. तिला सोळावें नुकतेंच लागलें होतें. त्या लग्नाला आम्ही गेलों, जेवलों, आणि आशीर्वादहि दिला. त्या मुलाला मात्र कोणी एक शब्द बोललें नाहीं. पुढच्या पावसाळ्यांत तो त्याच थांब्यावर दुसऱ्या एका मुलीसाठीं उभा राहूं लागला.

मुली आम्हांला कां सांगत नाहींत, ह्याचें उत्तर ह्या हकीकतींत आहे. सांगितलें तर शाळा सुटते आणि लग्न ठरतें, हें प्रत्येक मुलगी दुसरीकडून शिकते. २०१९ ते २०२१ ह्या सालांत राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी झाली. तींत वीस ते चोवीस वर्षांच्या स्त्रियांपैकीं महाराष्ट्रांत शेंकडा सुमारें २२ जणींचें लग्न अठरा वर्षें पुरीं होण्याआधींच झालेलें आढळलें. त्याचीं कारणें अनेक आहेत. ऊसतोडीला सहा महिने जाणारें कुटुंब वाढती मुलगी मागें कोणापाशीं ठेवणार? पण 'कांहीं विपरीत होण्याच्या आंत उजवून टाकावी' ही भीति त्या कारणांत फार मोठी आहे, आणि कोणीतरी वाटेंत आडवा येतो एवढेंच त्या भीतीला पुरतें.

दुसरी भीति जातीची आहे. ती आमच्या वाचकांस समजावून सांगण्याची गरज नाहीं. २०१४ च्या एप्रिलांत तेव्हांच्या अहमदनगर जिल्ह्यांत, जामखेड तालुक्यांतील खर्डा येथें, दलित घरांतील सतरा वर्षांच्या एका विद्यार्थ्याचा खून झाला. वरच्या जातीच्या मुलीशीं तो बोलतो ह्या संशयावरून तो झाला असा आरोप होता. २०१७ सालीं न्यायालयानें आरोपींस निर्दोष सोडलें. तेव्हां आमच्या मुलांनीं मैत्री लपविली तर त्यांस केवळ लबाड म्हणूं नये. परंतु लपविलेल्या मैत्रींत जाच सुरू झाला म्हणजे तोहि लपवावा लागतो, ही त्यांतली अडचण आहे. जिच्याविषयीं कोणाला ठाऊक नाहीं तिचें रडणेंहि कोणाला ऐकूं येत नाहीं.

आतां शास्त्रपाठाकडे वळूं. हा अध्याय आमच्या ऐकण्यांत तरी उपासनेंत फारसा वाचला जात नाहीं, आणि शब्बाथ शाळेच्या चित्रांत तर तो कधींच नसतो. दाविदाचा वडील मुलगा अम्नोन ह्याचें मन आपली सावत्र बहीण तामार इजवर बसलें, आणि तो झुरून वाळूं लागला. योनादाब नांवाचा त्याचा चुलत भाऊ व मित्र मोठा धूर्त होता. त्यानें युक्ति सांगितली कीं, आजाराचें सोंग घेऊन पडून राहा, आणि बाप समाचाराला आला म्हणजे तामारेच्या हातचें खावयास माग. बापानें तिला पाठविलें. तिनें त्याच्यासमोर कणीक मळून पोळ्या भाजल्या. त्यानें सर्वांस बाहेर घालविलें व तिला धरिलें. तिनें स्पष्ट नाहीं म्हटलें. त्यानें ऐकलें नाहीं. तो अधिक बलवान होता. मग जेवढी प्रीति म्हणत होता त्याहून मोठा द्वेष त्याच्या मनांत आला. त्यानें तिला चाकराकरवीं बाहेर काढून दाराला अडसर घातला. ती अंगावरचा झगा फाडून, डोक्यावर राख घालून, रडत चालली.

दक्षिण आफ्रिकेंत पीटरमारिट्झबर्ग येथें उजामा केंद्र म्हणून एक अभ्यासकेंद्र आहे. तेथील मंडळींनीं १९९० नंतरच्या दशकांत हाच अध्याय गांवोगांवच्या स्त्रीपुरुषांस एकत्र बसवून वाचावयास लाविला, आणि 'तामार मोहीम' ह्या नांवानें तें काम पुढें केनिया देशांतहि गेलें. त्यांची रीत आमच्या उपदेशकांस सहज उचलतां येईल. शिकविणारा व्याख्यान देत नाहीं. अध्याय मोठ्यानें वाचला जातो, मग प्रश्न विचारले जातात. गोष्टींत माणसें कोण कोण आहेत? प्रत्येक पुरुषानें काय केलें? तामार काय म्हणाली? आपल्या गांवांत अशी तामार आहे काय? शेवटच्या प्रश्नानंतर पुष्कळ वेळ कोणी बोलत नाहीं. ती शांतता शिकविणाऱ्यानें मोडूं नये. आम्हांस ती मोडण्याची फार खोड आहे.

आम्हीं हा पाठ दोन ठिकाणीं घेतला, तेव्हां मुलांचें लक्ष प्रथम योनादाबाकडे गेलें. 'असा आमच्यांतहि एक आहे,' असें एक मुलगा म्हणाला आणि सगळे हंसले. मुलीचा नंबर मिळवून देणारा, 'ती नुसतें नाटक करते, तूं मागें हटूं नको' म्हणणारा, थांब्यावर दोघांना एकटें सोडण्यासाठीं बाकीच्यांस लांब नेणारा, हा योनादाब होय. त्यानें स्वतः कोणाला हात लाविला नाहीं, आणि म्हणून तो स्वतःला निर्दोष समजतो. ह्या माणसावर पाठाचा निदान अर्धा तास खर्चावा. कारण वर्गांत अम्नोन एखादाच असेल, पण योनादाब होऊं शकतील अशीं मुलें दहा असतात, आणि त्या दहांपैकीं एकानें जरी 'ती नको म्हणाली ना, मग चल घरीं' असें म्हटलें तरी पुष्कळ संकटें तेथल्या तेथें टळतात.

मग आजाराचें सोंग. अम्नोन आजारी पडला म्हणून तामार आली. दयेनें आली. 'हात कापून घेईन', 'औषध पिईन', 'तूं बोलली नाहींस तर मी जेवणार नाहीं', ह्या सगळ्या आजच्या धमक्या त्याच सोंगाच्या जातीच्या आहेत. मुलीच्या दयेचा दोर वळून तिच्याच गळ्यांत घालण्याची ही रीत आहे. मुलींस हें नीट सांगावें कीं, जो खरोखर जीव द्यावयास निघाला असेल त्याला मोठ्या माणसांची व डॉक्टरांची गरज आहे, तें कोणाला तरी ताबडतोब कळवावें. परंतु त्याला वांचविण्यासाठीं त्याची होणें हें तुझें कर्तव्य नाहीं. येथें न्यायानें हेंहि सांगितलें पाहिजे कीं, अशी धमकी कधीं मुलगीहि मुलाला घालते, त्याचा मोबाईल रोज तपासते, मित्र तोडावयास लावते. मुलगे तें हंसण्यावारी नेतात, कोणाला सांगत नाहींत. त्यांनाहि सांगण्याची मोकळीक असावी.

तामारेचें बोलणें मुलींकडून वाचून घ्यावें. ती घाबरलेली असूनहि किती नीट बोलते! असें आपल्या लोकांत करीत नाहींत, म्हणते. माझी लाज मी कोठें नेऊं, म्हणते. तुझीहि गणना मूर्खांत होईल, असें त्याच्याच हिताचें सांगते. राजाला विचार, अशी वाटहि दाखविते. आणि तरी तिचें चाललें नाहीं. हें मुद्दाम दाखवावें, कारण आमच्या बायाबापड्या मुलीला पहिला प्रश्न हाच करितात कीं, 'तूं नीट नाहीं म्हटलें नसशील.' तिनें नीटच म्हटलें होतें. कमी पडलें तें ऐकणें.

दोन नकारांच्या हकीकती महाराष्ट्राला ठाऊक आहेत. १९९० सालीं उल्हासनगर येथें दहावीच्या परीक्षेला बसलेल्या एका मुलीला, जिचा नकार एका तरुणाला सोसला नाहीं, परीक्षेच्या केंद्रांतच जाळून मारण्यांत आलें. त्यानंतर तीस वर्षांनीं, ३ फेब्रुवारी २०२० रोजीं, वर्धा जिल्ह्यांतील हिंगणघाट येथें कॉलेजांत शिकविण्यास निघालेल्या तरुण अध्यापिकेला तिचा पिच्छा पुरविणाऱ्या माणसानें भर रस्त्यांत पेटवून दिलें. ती सात दिवसांनीं नागपुरांत वारली. २०२२ सालीं त्यास जन्मठेप झाली. अशा बातमीनंतर मोर्चे निघतात, मेणबत्त्या लागतात, फांशीची मागणी होते. पण पेट्रोलचा डबा हातीं येण्यापूर्वीं कितीतरी दिवस तो माणूस वाटेंत उभा राहिलेला असतो, आणि त्या दिवसांत त्याला पाहणारे पुष्कळ असतात.

आतां अबशालोम. तामारेचा सख्खा भाऊ. त्याला राख पाहतांच सर्व कळलें. तिला त्यानें घरांत ठेवून घेतलें, हें चांगलें केलें. पण तिला सांगितलें काय, तर गप्प राहा, तो तुझा भाऊ आहे, मनावर घेऊं नको. आम्हीं त्या नववीच्या मुलीला सांगितलें तेंच. दाविदाला राग आला, फार राग आला, असें शास्त्र सांगतें. आणि त्यापुढें त्यानें कांहीं केल्याचें शास्त्र सांगत नाहीं. दोन वर्षांनीं अबशालोमानें अम्नोनाला जेवावयास बोलावून मारविलें. त्या खुनानें तामारेचें काय झालें? कांहीं नाहीं. ती भावाच्या घरांत उदास होऊन राहिली, आणि त्यानंतर गोष्टींत तिचा शब्द नाहीं. आमच्या घरांतहि ह्या दोनच तऱ्हा दिसतात. एक तर गप्प बसणें, नाहीं तर कोयता काढणें. दोहोंतहि मुलीला कोणी विचारीत नाहीं कीं, बाई, तुला काय पाहिजे? (पुढच्याच अध्यायांत अबशालोमाच्या मुलीचें नांव तामार होतें असें एका ओळींत आलें आहे. त्यानें तें कां ठेविलें असेल, हा प्रश्न एका मुलीनें आम्हांस विचारला. आम्हांस उत्तर देतां आलें नाहीं.)

गोष्ट झाल्यावर मुलांना आजच्या दिवसांत आणावें. पहिल्या दिवशीं कोणी मारीत नाहीं. पहिल्या दिवशीं चॉकलेट असतें, मोबाईलचें रिचार्ज असतें, गोड बोलणें असतें. मग 'तुझा पासवर्ड सांग, आपल्यांत परकें काय?' असें येतें. मग 'रात्रीं अकराला ऑनलाईन कां होतीस?' मग 'त्या मैत्रिणीशीं बोलूं नको, ती तुला बिघडविते.' मग कपड्यांवर टीका, मग चार लोकांत अपमान, मग एक चापट, आणि दुसऱ्या दिवशीं डोळ्यांत पाणी आणून क्षमा. क्षमेनंतर कांहीं दिवस फार गोडीचे जातात, आणि मुलीला वाटतें, तो सुधारला. पुन्हां चापट बसते ती पहिलीहून मोठी असते. ह्या पायऱ्या फळ्यावर जिन्याच्या चित्रानें काढाव्या, आणि कोणत्या पायरीवर उतरणें सोपें आहे हें मुलांनाच विचारावें. चापट मारल्याखेरीज जाच नव्हे, अशी जी सर्वांची समजूत असते ती ह्या चित्रानें जितकी हलते तितकी व्याख्यानानें हलत नाहीं.

फोटोविषयीं वेगळें सांगावें. खाजगी फोटो एकदां मागून घेतला म्हणजे तो पुढें बेडी होतो. 'बोललीस नाहींस तर सगळ्या ग्रुपवर टाकीन' एवढें म्हटलें कीं मुलगी त्याच्या मुठींत गेली. अशा वेळीं ती मुलगी आमच्याकडे आली तर 'फोटो दिलासच कां?' हा प्रश्न त्या दिवशीं तरी करूं नये.

चांगली सोबत कशी असते हेंहि दाखविलें पाहिजे, नाहींतर मुलें म्हणतील, गुरुजींना सगळेंच वाईट दिसतें. ज्या मैत्रींत अभ्यास सुटत नाहीं, जुने सोबती सुटत नाहींत, घरच्यांविषयीं खोटें रचावें लागत नाहीं, रुसवा झाला तरी भीति वाटत नाहीं, आणि 'नको' म्हटलें असतां समोरचा 'बरें' म्हणतो, ती मैत्री मुलाची असो वा मुलीची, निकोप होय. ती लग्नापर्यंत जाईल कीं नाहीं हा पुढचा प्रश्न आहे. पण लग्न झालेल्या आम्हां लोकांनीं ही यादी आपल्या घरालाहि लावून पाहावी. मुलें आमच्या वर्गांत रविवारीं एक तास असतात, आणि आमच्या स्वयंपाकघरांत रोज.

मुलग्यांसाठीं एक खेळ आहे. दोघां दोघांस समोरासमोर उभें करावें. एकानें कांहीं मागावें: सायकल, वही, मोबाईल. दुसऱ्यानें नाहीं म्हणावें. मागणाऱ्यानें 'बरें' म्हणून खालीं बसावें. एवढाच खेळ. पण मुलांना तो फार अवघड जातो. ती हंसतात, पुन्हां मागतात, 'कां पण?' म्हणून विचारतात, खांद्यावर हात टाकतात. 'बरें' म्हणून बसणें हें शिकावें लागतें, तें आपोआप येत नाहीं. मुंबईंत २०१० च्या सुमारास 'परिवर्तन' नांवाच्या कार्यक्रमांत क्रिकेट शिकविणाऱ्या प्रशिक्षकांसच ह्या कामासाठीं तयार केलें होतें, कारण मुलगे जें बापाकडून ऐकत नाहींत तें प्रशिक्षकाकडून ऐकतात. आपल्या गांवांत कबड्डीचा संघ असेल तर तेथेंहि हा पाठ न्यावा.

अशा पाठांनीं कांहीं होतें काय, असें विचारणारे वडीलधारे प्रत्येक मंडळींत असतात. त्यांस दोन उदाहरणें सांगावीं. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत उत्तर कॅरोलायनांतील जॉन्स्टन हा बहुतेक खेड्यांचा परगणा आहे. तेथील चौदा शाळांत १९९४ च्या सुमारास आठवी-नववीच्या मुलांसाठीं एक कार्यक्रम झाला. शाळेच्याच शिक्षकांनीं दिलेले दहा पाठ, मुलांनीं केलेलें एक नाटक, आणि भित्तिपत्रकांची स्पर्धा, एवढाच तो होता. कांहीं शाळांस तो दिला, कांहींस दिला नाहीं, आणि मग तुलना केली. चार वर्षांनीं पाहिलें तेव्हां ज्यांनीं पाठ घेतले होते त्यांच्यांत सोबत्याला मारणें व बळजबरी करणें इतरांहून पुष्कळ कमी होतें. दुसरें उदाहरण आपल्याच मराठवाड्यांतील, पैठण तालुक्यांतल्या पाचोडचें. तेथील आरोग्य संस्थेनें अविवाहित मुलींसाठीं सायंकाळीं रोज एक तास, वर्षभर, असा वर्ग गांवोगांव चालविला, आणि शिकविणाऱ्या बाया त्या त्या गांवांतल्याच घेतल्या. त्या गांवांत मुलींच्या लग्नाचें मध्यम वय सोळावरून सतरावर गेलें. एक वर्ष म्हणजे थोडें वाटेल. ज्या मुलीला तें मिळालें तिला विचारावें.

कायद्याचें थोडक्यांत. अठरा वर्षांखालील मूल, मुलगा असो वा मुलगी, ह्याच्याशीं शरीरसंबंध अथवा वाईट स्पर्श हा २०१२ च्या 'पॉक्सो' कायद्यानें गुन्हा आहे, आणि त्यांत मुलाच्या संमतीनें कांहीं फरक पडत नाहीं. हें मोठ्या मुलग्यांस स्पष्ट शब्दांत सांगावें. असा गुन्हा कळूनहि पोलिसांस न कळविणारा स्वतः शिक्षेस पात्र होतो. म्हणून 'मी कोणालाच सांगणार नाहीं' असें वचन उपदेशकानें मुलीला कधीं देऊं नये. 'तुला विचारल्यावांचून पाऊल उचलणार नाहीं, पण एखादी गोष्ट कायद्यानें कळवावीच लागेल, आणि तेव्हां मी तुझ्याबरोबर असेन' असें आधींच सांगावें. स्त्रीनें नको म्हटल्यावर वारंवार पाठलाग करणें, मोबाईलवरून तिच्यावर पाळत ठेवणें, हा भारतीय न्याय संहितेच्या ७८ व्या कलमाखालीं गुन्हा आहे. पहिल्या वेळीं तीन वर्षांपर्यंत शिक्षा होते. मुलांच्या मदतीसाठीं १०९८, स्त्रियांसाठीं १८१, आणि तातडीच्या वेळीं ११२, हे क्रमांक मंदिराच्या दाराशीं मोठ्या अक्षरांत लावून ठेवावे. अठरा पुरीं न झालेल्या मुलीचें लग्न ठरत असेल तर तेंहि १०९८ वर कळवितां येतें. तें लग्न आमच्याच मंडळींतील असलें तरीहि.

मुलगी सांगावयास आली म्हणजे काय करावें? बसावें. तिचें बोलणें पुरें होऊं द्यावें. तुझी चूक नाहीं, असें एकदां स्पष्ट म्हणावें. मग विचारावें, तुला कशाची भीति वाटते, आणि तुला काय झालेलें पाहिजे? पुष्कळदां तिला एवढेंच पाहिजे असतें कीं त्यानें थांब्यावर उभें राहूं नये. तिचा विश्वास असलेली एक बाई, बायबल बाई असो, आत्या असो, शाळेंतील बाई असोत, तिच्या संमतीनें बरोबर घ्यावी. मोबाईलवरचे संदेश पुसूं देऊं नयेत. ते पुढें पुरावा होतात. बापाकडे जावयाचें तर तिला सांगून, तिच्यासह, आणि एक गोष्ट आधीं त्याच्याकडून कबूल करून घेऊनच जावें कीं शाळा बंद होणार नाहीं. बाप म्हणेल, 'मग एस.टी.च्या थांब्यावर तिच्याबरोबर कोण जाणार?' हा प्रश्न रास्त आहे, आणि त्याचें उत्तर मंडळींतील चार बापांनीं वार वांटून घेऊन द्यावयाचें आहे. आणि त्या मुलाच्या घरींहि गेलेंच पाहिजे, शाळेच्या मुख्याध्यापकांस बरोबर घेऊन. तो परक्या गांवचा किंवा मोठ्या घरचा असेल तर ह्या कामांत आमचे पाय जड होतात, हें आम्ही जाणतों. तेथें पोलीस पाटलाला व पोलिसांना सोबत घ्यावें.

वर्ग कसा चालवावा ह्याविषयीं एवढेंच: पहिले दोन पाठ मुलगे व मुली ह्यांचे निरनिराळे घ्यावे, तिसरा एकत्र. मुलींच्या वर्गाला बाईच असावी. एक रिकामा डबा, झांकणाला चीर पाडून, दाराशीं ठेवावा, आणि ज्याला तोंडानें विचारवत नाहीं त्यानें नांव न घालतां चिठ्ठी टाकावी. चिठ्ठ्या शिकविणाऱ्यानें एकट्यानें आधीं वाचाव्या.

आमच्या डब्यांत एकदां चिठ्ठी आली. अक्षर मुलाचें होतें. त्यानें लिहिलें होतें कीं, मीं एका मुलीला विचारिलें, ती नाहीं म्हणाली. मीं बरें म्हटलें. पण आम्ही दोघें रोज एकाच गाडीनें जातों. आतां मीं कोठें बसावें?

पुढच्या रविवारीं आम्हीं ती चिठ्ठी नांव-गांव वगळून वर्गापुढें वाचली. कोणी हंसलें नाहीं. बराच विचार होऊन असें ठरलें कीं, त्यानें मागच्या दारानें चढावें, आपल्या मित्रांत बसावें, आणि ती समोर आली तर इतर मुलींकडे पाहतो तसें पाहून मान वळवावी. एका मुलीनें हात वर करून विचारलें, "आणि त्याला रडूं आलें तर?" तेव्हां बाकावरचा दुसरा एक मुलगा म्हणाला, "मग माझ्याजवळ बसावें."